चार नंबर, स्लॅबवरून

सोमवार, १२ जानेवारी

अश्विनी, लिही. आजपासून आपल्याकडे दोन वह्या. एक रूथबाईंनी दिलेली. तिच्यात रोज एक ओळ घालायची, किती वाजता काय दिसलं एवढीच. दुसरी ही, माझी. हिच्यात मी म्हणेन ते सगळं. माझं बोलणं तू इस्त्री करून लिहितेस ते मला ठाऊक आहे. कर इस्त्री, पण खिशातलं काही काढून घेऊ नकोस.

अश्विनी माझी नातसून, बारावी झालेली. मला अक्षर एक येत नाही. आकडे तेवढे ओळखते.

तर आज आमच्या वस्तीवर दोन वॉकीटॉकी आले. अंगाने काळे, वर बोटाएवढं एरियल, बाजूला बटण. कोल्हारच्या अलीकडे पाटाच्या कडेला आमच्या चार वस्त्या आहेत, सगळीकडे ऊस, आणि मोबाईलला रेंज फक्त आंब्याच्या शेंड्यावर. गेल्या महिन्यात बिबट्याने भागवतच्या ओट्यावरून कुत्रं उचललं. भागवत रेंज शोधत आंब्यावर चढला, खाली बिबट्या कुत्रं घेऊन गेला. तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की हे यंत्र आणायचं.

शिकवायला रूथबाई. नगरला पोलिसांच्या वायरलेसमध्ये तीस वर्षं नोकरी केली, आता पाटापलीकडे राहतात. बोलणं असं की समोरचा आपोआप सरळ बसतो. एक नंबर त्यांचा, दोन भागवतचा, तीन गोरक्षनाथच्या गोठ्यावर. चार माझा, कारण आमचा स्लॅब सगळ्यात उंच आणि दिवसभर काहीतरी वाळवत मी तिथेच असते. पाच आमच्या म्हाताऱ्याकडे. नाव मी घेत नाही, तूच लिही. रखमाजी.

रूथबाई म्हणाल्या, "एरियल उभं. डोळ्याजवळ न्यायचं नाही, अंगाला टेकवायचं नाही, एरियलला धरून सेट उचलायचा नाही. तोंडापासून चार बोटं लांब. बटण दाबा, मनात एक म्हणा, मग बोला, मग सोडा. बटण दाबलं की तुम्ही बहिऱ्या. सोडलं की मुक्या. दोन्ही एकदम होत नाही. आणि एकाने दाबून ठेवलं की बाकी चौघं गेले."

मी म्हटलं, "सोपं हाय की."

माझी पाळी आली. दाबलं, एक म्हटलं, आणि भागवतला विचारलं जेवलास का, आईचा गुडघा कसा आहे, कोबीला काय भाव आला, थोरली बहीण बाळंतपणाला कधी येणार. उत्तर येईना. कसला उर्मट पोरगा, म्हटलं. बघते तर रूथबाई माझा अंगठा धरून बटणावरून उचलत होत्या.

"भागिरथीबाई, तो कधीचा उत्तर देतोय. तुम्ही ऐकायला जागाच ठेवली नाही."

आज मला इतका आनंद झालाय की गुडघे दुखायचे विसरले.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. सकाळी स्लॅबवरून बाकी चारही नंबरांना तिळगूळ वाटला, तोंडाने. रूथबाई म्हणाल्या, "चार नंबर, सणाच्या शुभेच्छा मिळाल्या. आता कृपया शांतता. ओव्हर." कृपया शब्द त्या असा उच्चारतात की तो दुरून कानाखाली बसतो.

म्हाताऱ्याचं मात्र काही खरं नाही. उसाला पाणी द्यायला दारं धरताना सेट बांधावर ठेवतात, आणि मी हाक मारली की बटण दाबून नुसते विचार करत बसतात. मी अश्विनीला म्हटलं, "त्रेपन्न वर्षं झाली, हा माणूस बटण दाबूनच बसलाय. माझं कधी पोचलं न्हाई."

अश्विनी म्हणाली, "आजी, तुमचं सगळ्यांना पोचतं."

गुणी पोरगी आहे.

रविवार, १८ जानेवारी

आज घर पेटलं असतं. लिही सविस्तर.

पाच नंबरचा चार्जर सापडेना. म्हाताऱ्याने डोकं चालवलं. फवारणीच्या पंपाचा चार्जर काढला, वायरी सोलल्या, बॅटरीला चिकटपट्टीने बांधल्या आणि वर माझी गोधडी टाकली. का, तर तिला गारठा लागू नये. मी पिठाचा डबा घ्यायला आत गेले तर वास आला, जळक्या चपलेसारखा. गोधडी काढली. बॅटरी गरम भाकरीसारखी टम्म फुगलेली.

आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. मग सांडशीत धरून अंगणात मोकळ्या मातीवर नेऊन ठेवली, कोंबड्या हाकलल्या आणि चार नंबरवरून रूथबाईंना सांगितलं. पाणी ओतू का म्हणून विचारलं.

"पाणी नाही. जवळ जाऊ नका. हात नाही लावायचा. मी येते."

आल्या, पाहिलं आणि मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही बरोबर केलंत." मग म्हाताऱ्याकडे वळल्या. "तात्या, प्रत्येक सेटचा स्टँड त्याचाच. उघड्यावर, माणूस जागा असताना, पांघरूण न घालता."

म्हातारा म्हणतो, "पंपाचाबी चार्जरच हाय की."

मी म्हटलं, "बैलाचं औषध तुमाला देऊ का? तेबी औषधच हाय."

रूथबाई हसल्या. पोलिसातली माणसं हसतात हे मला आज कळलं. त्यांनी स्वतःजवळची जादा बॅटरी दिली. चार्जर गव्हाणीत सापडला.

गुरुवार, २२ जानेवारी

दिवस झकास गेला. ओट्यावर बसून मी आणि अश्विनीने वाटाणे सोलले, दोन तास. दोन्ही हात गुंतलेले म्हणून मशेरीची डबी खोचते तिथेच, कमरेला, सेट खोचला. गच्च बसतो, पडायची भीती नाही. सेट अगदी गप्प होता, कुणाची कटकट नाही, त्यामुळे मनासारखं बोलता आलं.

भागवतच्या बायकोचं पिठलं किती पातळ असतं ते सांगितलं. गोरक्षनाथ खोकतो तो आजाराने नाही, बिडीने. रूथबाईंनी कृपया म्हटलं की मला शाळेत न जाताच छडी खाल्ल्यासारखं वाटतं. मग विषय म्हाताऱ्यावर आला. मागच्या पावसाळ्यात दारं धरताना पाटाच्या कडेला पाय घसरून तासभर पडून होते, कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून मी स्लॅबवर जाते ती काही कुरडया वाळवायला नाही. पांढरी टोपी कुठल्या सरीत हलतेय ते बघायला. ती घराकडे वळली की मग पाणी पिते. पोरीला म्हटलं, त्यांना सांगू नकोस, आधीच टोपी वाकडी घालतात, आणखी वाकडी घालतील. नातवाचा स्वेटर त्यांच्या उशाशी मीच ठेवते, घालत नाहीत. म्हातारा गेला तर भांडायला मी माणूस कुठून आणू.

अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटाण्यामुळे कसं येईल ते काही कळलं नाही.

पण संध्याकाळी वाईट बातमी आली. दुपारीच, लख्ख उन्हात, बिबट्याने पाटाच्या कडेने येऊन भागवतचं करडू नेलं. भागवतने त्याला दुरून येताना पाहिलं होतं. सेटवर ओरडून ओरडून सांगत होता, गोरक्षनाथचा गोठा जवळ, तिथून चार माणसं धावली असती. कुणाला काही ऐकू गेलं नाही. कोण मेला बटण दाबून बसला होता? त्याच्या हातातून सेट काढून घेतला पाहिजे. उद्या रूथबाईंच्या पडवीत बैठक आहे, मी सोडणार नाही.

अश्विनी, लिहिताना थांबतेस का मधेच? पेन संपलं?

आणखी एक नवल. म्हातारा आज ऊन उतरायच्या आत घरी आला. उशाचा स्वेटर उचलला, घातला आणि मला विचारलं, "पाणी प्यालीस का?" मी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

शुक्रवार, २३ जानेवारी

आज लिहायचं नव्हतं. अश्विनी म्हणाली, आजी, खिशातलं काढायचं नाही असं तुम्हीच म्हणाला होतात. बरं, लिही.

पडवीत सगळे जमले. मीच आधी तोंड उघडलं. म्हटलं, "ज्यानं काल बटण दाबून ठिवलं त्यानं उभं राहून सांगावं. कुणाचं माणूस गेलं असतं म्हंजी?"

सगळे जमिनीकडे बघत होते. मला वाटलं लाजले.

रूथबाई म्हणाल्या, "कुणाला दोष नको. प्रत्येकाने सेट कसा बाळगतो ते दाखवा."

भागवतने शर्टाच्या खिशाला अडकवून दाखवला. गोरक्षनाथने पट्ट्याला. मी म्हटलं, "मी तर हितं ठिवते, एकदम गच्च," आणि डबीच्या शेजारी सेट खोचला.

पडवीतले बाकीचे सेट एकदम कुईं करून किंचाळले. मग भागवतच्या खिशातून माझा आवाज आला, "काय झालं वो ह्याला?" आणि गोरक्षनाथच्या पट्ट्यातूनही तोच.

डबीचं झाकण बटणावर बसलं होतं.

भागवत म्हणाला, "काकू, आमचं पिठलं पातळ असंल. पण करडू चांगलं जाड हुतं."

गोरक्षनाथ खोकला आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मी सेट रूथबाईंच्या पुढे ठेवला. म्हटलं, घ्या. हा माझ्या हातचा खेळ न्हाई.

भागवत रूथबाईंना म्हणाला, "बाई, राग न्हाई माझा. पण दोन तारखेला तात्यांच्या उसाला तोडनीची टोळी लागनार. पाटाकडंच्या तुकड्यात बिबट्याच्या मादीनं पिल्लं घातल्यात असं म्हनत्यात. तवा वर कोन बसनार ते आत्ताच ठरवा."

खरं होतं त्याचं. वर कुणी नसलं तर म्हातारा त्या उसात आंधळा. आमचा नातू कारखान्यावर, अश्विनीला गोठा आणि स्वयंपाक. आणि वर मी बसले आणि पुन्हा असंच झालं, तरीही तो आंधळाच.

रूथबाईंनी सेट उचलून परत माझ्या हातात दिला. "दहा दिवस. दर तासाला मला कळवायचं. नंबर सोडून चार शब्दांच्या वर नाही. सेट हातात किंवा गळ्यात दोरीने, कमरेला नाही. एकदा जरी चॅनल अडला तर मी स्वतः येऊन सेट नेईन."

घरी आल्यावर हळूच म्हाताऱ्याला विचारलं, "काल तुमच्या सेटवर काय आलं?"

"खरखर हुती नुसती. काय कळलं न्हाई."

सुटले. निदान यांनी तरी ऐकलं नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

चार नंबर. सगळं ठीक. ओव्हर. असं दिवसातून दहा वेळा. पाच दिवस झाले. जीभ तोंडात गोळा होऊन बसते. आज बगळ्यांचा थवा इतका सुरेख उतरला पाटावर, बटण दाबलं, एक म्हटलं, आणि काहीच न बोलता सोडून दिलं.

रूथबाई म्हणाल्या, "चार नंबर, काही म्हणालात?"

म्हटलं, "बगळे. ओव्हर."

मग त्यांचा आवाज. "मलाही दिसतायत. ओव्हर."

म्हाताऱ्याचं वागणं अजून सुधारलेलंच आहे. दारं धरून झाली की आता आधी टोपी हलवून दाखवतात स्लॅबकडे. उन्हामुळे असेल.

सोमवार, २ फेब्रुवारी

ऊसतोड सुरू झाली. टोळी पाथर्डीकडची, मुकादम बिभीषण. वनखात्याचा माणूस सकाळी येऊन सगळ्यांना सांगून गेला. रस्त्याकडून तोडत या म्हणजे जनावराला पाटाकडे निघायला वाट राहते. पिल्लं दिसली तर हात लावायचा नाही, सगळ्यांनी रस्त्यावर यायचं. ती समोर आली तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, खाली वाकायचं नाही. वाकलेला माणूस तिला शेळीएवढा दिसतो.

मी वर, गळ्यात दोरी, अंगठा मोकळा. दहा दिवस पुरे झाले आणि चॅनल एकदाही अडला नाही. रूथबाई म्हणाल्या, "चार नंबर, आता तुमची ड्युटी."

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज सकाळी पिल्लं जागेवर नव्हती. आईने एकेक करून नेली, मऊ मातीत पावलं आहेत. ते आधी सांगून टाकते, म्हणजे जिवाला घोर नको. आता कालचं. काल मला सांगता येत नव्हतं.

दहाचा सुमार. पाटाकडचा शेवटचा तुकडा राहिला होता. बिभीषणच्या बायकोने पाचट बाजूला केलं तर तीन पिल्लं, मांजराएवढी, डोळे उघडलेली. तिने कोयता टाकला नाही की ओरडली नाही. सगळ्यांना हाताने मागे सारलं. टोळी रस्त्यावर आली. भागवतने सेटवर कळवलं. रूथबाई म्हणाल्या, "सर्व नंबर, वनखात्याला निरोप गेलाय. कुणीही उसाकडे जाऊ नका. फक्त चार नंबर बोलतील. बाकी शांतता."

मी माणसं मोजली. रस्त्यावर टोळीची अकरा. भागवत. अश्विनी गोठ्याशी. पांढरी टोपी कुठेच नाही.

मग दिसली. उसाच्या पलीकडे, पाटाच्या दाराशी, खाली वाकलेली. सकाळी सोडलेलं पाणी बंद करायला गेले होते. सेट पट्ट्याला होता. आणि पाटाच्या वरच्या अंगाने, सुकलेल्या गवतातून, गवताच्याच रंगाचं काहीतरी चालत येत होतं. थांबत होतं, चालत होतं. पिल्लांकडे निघाली होती ती. वाटेत आमचा म्हातारा, वाकलेला.

बटण दाबलं. एक.

"पाच नंबर, उभे राहा."

सोडलं.

काही नाही. टोपी हलेना.

अश्विनी, तुला काय सांगू. अंगठा नुसता वळवळत होता. अहो, अहो म्हणून बोंब मारावी, सतरा वेळा दाबावं. पण मी दाबलं तर त्यांचं उत्तर मला कसं येणार? मी बहिरी होऊन बसणार वरती. अंगठा दुसऱ्या हाताने धरला. मनात चार म्हटलं, पाच म्हटलं. सहाला टोपी वर आली.

"उभा हाय." एवढंच, बारीक आवाजात.

"उजवीकडं गवतात. हलू नका."

सोडलं. ती थांबली होती. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. दोघांच्या मधे आपल्या ओट्यापासून गोठ्यापर्यंत आहे तेवढं अंतर.

"दिसली," म्हातारा म्हणाला.

"पाटात उतरा. उलटं चाला. हळू."

सोडलं. टोपी एक पाऊल मागे, एक पाऊल खाली. गार पाणी, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. एक हात वर, त्यात सेट. मागच्या मागे जात राहिले, तोंड तिच्याकडे. ती बघत होती. मीही बघत होते. चार वस्त्या ऐकत होत्या आणि एकाही सेटमधून श्वास घेतल्याचा आवाज नव्हता. गोरक्षनाथ खोकला नाही.

मग ती उठली आणि त्यांच्याकडे ढुंकून न बघता उसात शिरली. पानं हलली, थांबली.

"पाच नंबर. आत गेली. पलीकडं चढा."

"चढतो."

पलीकडच्या काठावर भागवत पुलावरून पळत जाऊन कधीच पोचला होता. त्याने हात देऊन वर घेतलं. मग एक नंबरचा आवाज आला. "चार नंबर, शाबास. ओव्हर."

मी शाबास वगैरे ऐकलं आणि उतरायला निघाले. जिन्याच्या तोंडाशी आले आणि पायांनी सांगितलं, आम्ही येत नाही. कठडा धरला, कठडाही हलायला लागला. शेवटी बटण दाबलं. एक.

"चार नंबर. जिना उतरता येईना. माणूस पाठवा. ओव्हर."

कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं, चॅनलवर सगळा गोंधळ झाला आणि रूथबाईंनी पहिल्यांदा कुणाला कृपया म्हटलं नाही.

वर आले ते म्हातारेच. पुलावरून वळसा घालून, धोतरातून पाणी गळतंय, पायरीपायरीवर ठसे. माझ्या शेजारी बसले. माझ्या तोंडात शंभर गोष्टी तयार होत्या. भर टोळीत एकटं पाटाकडं जायला सांगितलं कुणी, पट्ट्याचा सेट काय शोभेला लावता, ओल्या कपड्यांनी बसता का. एकही बाहेर येईना.

तेच म्हणाले, "तू सांगितलंस तसं केलं."

त्रेपन्न वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. म्हटलं, "परत म्हना."

"एकदा सांगितलं की."

मग उतरलो. ते एक पायरी खाली, तोंड माझ्याकडे, उलटे. मी त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात टेकून. तेरा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर दोघंही थांबत होतो. खाली अंगणात टोळी, भागवत, अश्विनी, सगळे उभे आणि कुणीही मदतीला पुढे आलं नाही, बरं केलं. बिभीषणच्या बायकोने आमच्याच चुलीवर सगळ्यांना चहा ठेवला होता. आम्ही शेवटची पायरी उतरेपर्यंत तो पार निवला. दोघांनी तसाच प्यायला.